मागे जाणारी तार, परत येणारी वीज

आमच्या ओळखीचा एक तरुण पिकअप गाडीतून भाजीची ने-आण करतो. पहाटे शेतावरून माल उचलायचा, बाजारात उतरवायचा आणि दुपारी वस्तीतल्या अरुंद बोळातून गाडी उलटी घेत घरापाशी लावायची, हा त्याचा रोजचा क्रम. त्या बोळात मुले खेळत असतात. हौद्यात रिकामे क्रेट रचलेले असले की मागची काच असून नसल्यासारखीच. म्हणून त्याने समोरच्या काचेवर एक आणि मागे नंबरपट्टीच्या वर एक असे दोन कॅमेरे बसवून घेतले. मागचे चित्र चालकासमोरच्या लहानशा पडद्यावर दिसे. काम करणाऱ्याने थोडी काटकसर केली. चित्र आणणारी तार त्याने पुढून मागेपर्यंत नेली, पण मागच्या कॅमेऱ्याला लागणारी वीज मागच्याच दिव्यांच्या तारांतून घेतली.

पावसाळा सुरू झाला आणि तक्रार आली. "सर, गाडी मागे घेताना ब्रेक दाबला की चित्र जाते. सोडला की परत येते." म्हणजे ज्या क्षणी चित्राची सर्वांत जास्त गरज, नेमके त्याच क्षणी पडदा काळा! आम्ही कॅमेऱ्यावर संशय घेतला. गॅरेजमधले वायरिंगचे जुने जाणते चाचा मात्र गाडीखाली एकदा डोकावून म्हणाले, "कॅमेरा ठणठणीत आहे. मागचा अर्थ गेलाय."

अर्थ म्हणजे इंग्रजीतला अर्थ, जमीन. पण गाडी तर रबराच्या चार चाकांवर उभी. जमिनीशी तिचा विजेचा संबंध कुठला? आणि जमिनीचा व चित्राचा काय संबंध? या प्रश्नांचा माग काढत गेलो, तर गाडीतल्या तारांचा जवळजवळ दोन शतकांचा इतिहास उलगडत गेला. पुढून मागे जाणाऱ्या कोणत्याही तारेला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. गेलेली वीज परत कशी येणार? वाटेत किती वाया जाणार? आणि ती वाट चुकली तर तिला कोण थांबवणार?

परतीची वाट

विजेला जायला एक आणि यायला एक अशा दोन वाटा लागतात, हे आपण सहावी-सातवीपासून शिकवतो. सुरुवातीच्या तारायंत्रांतही म्हणूनच किमान दोन तारा असत. १८३८ साली जर्मनीतील कार्ल आउगुस्ट फॉन श्टाइनहाइल यांनी न्यूरेंबर्ग ते फ्युर्थ या लोहमार्गावर एक प्रयोग केला. रुळांनाच तारा म्हणून वापरता येईल का, ही मूळ सूचना गणितज्ञ गाउस यांची. प्रयोग फसला, कारण रुळांतून वीज जमिनीत झिरपू लागली. पण या अपयशातच श्टाइनहाइल यांना मोठी गोष्ट सापडली. जमीन वीज वाहून नेते, तर मग परतीच्या तारेची गरजच काय? दोन्ही टोकांना धातूचा पत्रा जमिनीत पुरला की एका तारेवर काम भागते. निम्मी तार वाचली!

पुढच्याच वर्षी, १८३९ मध्ये, कलकत्त्याजवळ डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी तारायंत्राचे प्रयोग केले. त्यांनी तर हुगळी नदीचे पाणीच मंडलाचा एक भाग म्हणून वापरून पाहिले.

'अर्थ' हा शब्द अशा रीतीने तारायंत्रातून आला. पुढे मोटारगाडीत जमिनीची जागा गाडीच्या लोखंडी सांगाड्याने घेतली. बॅटरीचे एक टोक सांगाड्याला जोडायचे, प्रत्येक दिव्याला एकच तार न्यायची आणि दिव्याचे दुसरे टोक जवळच्या पत्र्याला कसायचे. वीज तारेने जाते, पत्र्याने परत येते. जमीन गेली, नाव राहिले. सुरुवातीला काही कारखान्यांनी जाण्या-येण्याच्या दोन्ही तारा गाडीत घातल्या होत्या. पण तांबे आणि मजुरी वाचवणारी एका तारेची पद्धतच शेवटी टिकली. आजही चाचांच्या तोंडी 'अर्थ' म्हणजे गाडीचा पत्राच असतो.

तारा नसलेली गाडी

कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडीत वीज होती, पण ती फक्त इंजिनात ठिणगी पाडण्यापुरती. पुढे ठिणगीसाठी मॅग्नेटो आला. चुंबकाच्या क्षेत्रात वेटोळे फिरवून तो स्वतःच वीज निर्माण करी. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला आणि गाडीला बॅटरीची गरजच उरली नाही. पुढचे दिवे कार्बाइडवर पाणी थेंबथेंब सोडून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूवर जळत. मागे रॉकेलचा लहान कंदील. पुढून मागे जाणारी तार नव्हती, कारण मागे विजेचे काही कामच नव्हते.

गाडी सुरू करायची ती हँडल मारून. आपल्याकडे जुन्या ट्रकचे हँडल मारताना पाहिलेली माणसे अजून आहेत. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल मारणाऱ्याचा हात मोडे. हे दुखणे अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी संपवले. केटरिंग पूर्वी दुकानातल्या रोकड नोंदवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात होते. हाताने फिरवायच्या त्या यंत्राला त्यांनी विजेची मोटर बसवली होती. तिथेच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. सतत चालणाऱ्या मोटरवर टाकता येणार नाही असा भार क्षणभर चालणाऱ्या मोटरवर टाकता येतो, कारण तापायच्या आत तिचे काम संपलेले असते. इंजिन फिरवायला बलदंड मोटर लागेल असे इतरांचे गणित होते. केटरिंग यांनी लहान मोटर घेतली आणि तिच्यावर काही सेकंदांपुरता जबरदस्त भार टाकला. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत हा 'सेल्फ' बसला.

त्यासोबत आणखी काही अपरिहार्यपणे आले. सेल्फसाठी बॅटरी हवी, बॅटरी भरायला जनित्र हवे, आणि एवढे सगळे आलेच आहे तर दिवेही विजेचे का नकोत? गाडीत खऱ्या अर्थाने वायरिंग आले ते इथून. तारांच्या त्या जुडग्याला इंग्रजीत 'हार्नेस' म्हणतात. हा मूळ शब्द घोड्याच्या साजाचा. घोडा गेला, साज राहिला.

हौदा आला

फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये आपल्या मॉडेल टी गाडीच्या मागे कारखान्यातच पोलादी हौदा बसवून ती विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. त्याआधी शेतकरी आणि दुकानदार गाडीचा मागचा भाग कापून स्वतःच हौदे बसवून घेत. कारखान्यातून तयार निघालेली ही पहिली पिकअप मानली जाते.

मॉडेल टी मध्ये मॅग्नेटोची चुंबके इंजिनाच्या जड चाकावरच बसवलेली होती. १९१५ पासून पुढचे दिवे विजेवर चालू लागले, पण वीज याच मॅग्नेटोची. इंजिन जोरात फिरले की दिवे लखलखत. चढावर किंवा चिखलात इंजिन मंदावले की दिवेही मंदावत. चालकाला उजेडाची गरज जास्त तेव्हाच तो कमी, ही तऱ्हा आमच्या मित्राच्या पडद्यासारखीच! सेल्फ आणि बॅटरी असलेल्या गाड्या आल्यावरच दिव्यांचा उजेड इंजिनाच्या वेगापासून सुटला आणि रॉकेलच्या कंदिलाच्या जागी मागे विजेचा दिवा आला.

पिकअपची रचना इथे नीट पाहिली पाहिजे. साध्या मोटारीचे अंग एकसंध असते. पिकअपमध्ये चालकाची केबिन वेगळी, हौदा वेगळा, आणि दोन्ही एका लांब सांगाड्यावर बसवलेले. खड्ड्यातून जाताना सांगाडा किंचित पिळवटतो आणि केबिन व हौदा निरनिराळे हलतात. मागच्या दिव्यांची वीज परत येते ती हौद्याच्या पत्र्यातून, बोल्टांतून आणि सांगाड्यातून. या वाटेवर रंग आहे, चिखल आहे आणि ओल्या भाजीचे पाणी आहे. परतीची वाट गंजू शकते, ही गोष्ट एका तारेची बचत करताना हिशेबात धरायची राहून जाते.

दाब वाढवा, तार बारीक करा

दुसरा प्रश्न वाटेतल्या नुकसानीचा. अनेक दशके गाड्यांची बॅटरी सहा व्होल्टची असे. समजा, दिव्यांना ६० वॅट हवेत. सहा व्होल्टला १० अँपिअर प्रवाह लागेल. तारेचा रोध ०.०५ ओहम धरला तर तारेत अर्धा व्होल्ट पडेल आणि ५ वॅट वाया जातील. आता बॅटरी बारा व्होल्टची करा. प्रवाह ५ अँपिअर, पडलेला दाब पाव व्होल्ट, नुकसान सव्वा वॅट. दाब दुप्पट, नुकसान एक चतुर्थांश. दुसऱ्या महायुद्धानंतर इंजिने मोठी झाली, ती फिरवायला सेल्फला जास्त शक्ती लागू लागली आणि १९५० च्या दशकात अमेरिकी गाड्या सहावरून बारा व्होल्टवर गेल्या.

पुढे बाराही अपुरे वाटू लागले. टोयोटाने २००१ मध्ये एका गाडीत ४२ व्होल्टची यंत्रणा आणून पाहिली, पण ती पद्धत रुळली नाही. २०२३ च्या अखेरीस टेस्ला कंपनीची सायबरट्रक ही विजेवर चालणारी पिकअप ग्राहकांच्या हाती पडली. तिच्यातल्या दिव्यांसारख्या किरकोळ कामांसाठीची यंत्रणा ४८ व्होल्टची आहे. गणित तेच: दाब चौपट, प्रवाह एक चतुर्थांश, तार बारीक.

हेच गणित कॅमेऱ्याला उलट्या बाजूने लावून पाहा. काही मागच्या कॅमेऱ्यांना पुढच्या यंत्रातून ५ व्होल्टच दिले जातात. समजा, कॅमेऱ्याला ०.३ अँपिअर लागतात आणि सहा मीटर लांबीच्या तारेत तांब्याचा छेद ०.१ चौरस मिलिमीटर आहे. जाऊन-येऊन बारा मीटर, रोध सुमारे दोन ओहम. पाचांपैकी ०.६ व्होल्ट वाटेतच संपले! घरच्या मोटारीत चालणारा कॅमेरा लांब पिकअपमध्ये स्वस्त जोडतार लावली की रुसतो, तो यामुळे.

वाट चुकली तर

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फ्यूज. हे उत्तरही गाडीच्या आधीचे आहे. एडिसन यांनी १८९० मध्ये फ्यूजच्या एका रचनेचे पेटंट घेतले होते. तत्त्व सोपे आहे: साखळीत मुद्दाम एक कमकुवत कडी ठेवायची. पण फ्यूज कोणाचे रक्षण करतो, हे विद्यार्थ्यांना विचारा. बहुतेक जण 'उपकरणाचे' म्हणतील. खरे उत्तर 'तारेचे' असे आहे.

एका बारीक तारेचा छेद ०.३ चौरस मिलिमीटर आहे. ती पत्र्याच्या धारेवर घासून बॅटरीपासून पाच मीटरवर उघडी पडली आणि सांगाड्याला चिकटली. पाच मीटर तारेचा रोध सुमारे ०.३ ओहम. म्हणजे प्रवाह ४० अँपिअर आणि उष्णता जवळजवळ ५०० वॅट. तीही गालिचाखालून, सीटखालून जाणाऱ्या तारेत. प्लॅस्टिकचे वेष्टन बघता बघता वितळेल. गाडीचा सारा पत्रा 'अर्थ' असल्यामुळे तार कुठेही घासली तरी मंडल पुरे होते. एका तारेच्या बचतीची ही दुसरी किंमत.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, कॅमेऱ्याच्या जवळ नव्हे. आणि तो तारेला झेपेल एवढ्याच अँपिअरचा हवा. १९७० च्या दशकात चपट्या पात्यांचे रंगीत फ्यूज आले: १० अँपिअर तांबडा, १५ निळा, २० पिवळा. पाच अँपिअरचा उडतो म्हणून वीसचा घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपायला सांगणे.

मागे पाहणारा डोळा

गाडीतली कामे वाढली तशा तारा वाढल्या. प्रत्येक दिव्याला, प्रत्येक संवेदकाला स्वतंत्र तार. जुडगी मनगटाएवढी जाड झाली. बॉश कंपनीने १९८६ मध्ये यावर तोडगा मांडला: दोनच तारांवरून अनेक यंत्रांनी पाळीपाळीने संदेश पाठवायचे. 'कॅन' नावाची ही पद्धत १९९१ मध्ये मर्सिडीझच्या मोठ्या गाडीत आली आणि नंतर जगभर पसरली. मागचा दिवा 'लाव' हा आता निव्वळ विजेचा प्रवाह नसून अनेक गाड्यांत एक संदेश असतो. अशा गाडीत दिसेल ती तार सोलून कॅमेरा जोडणे धोक्याचे, ते याच कारणाने.

मागे कॅमेरा लावण्याची कल्पना मात्र जुनी आहे. १९५६ मध्ये ब्युइक कंपनीने 'सेंच्युरियन' नावाची प्रदर्शनी मोटार मांडली. तिला मागे पाहायचा आरसाच नव्हता. शेपटाकडे टीव्ही कॅमेरा आणि चालकासमोर पडदा होता. तेव्हाचे कॅमेरे काचेच्या नळ्यांचे आणि महागडे, त्यामुळे ती कल्पना प्रदर्शनातच राहिली. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी शोधले. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम आणि सहकाऱ्यांनी अंतराळयानांसाठी कमी वीज खाणारे सीमॉस प्रतिमा-संवेदक विकसित केले. त्याच जातीचा संवेदक आज भाजीच्या पिकअपमागे आहे.

या कॅमेऱ्यांनी विज्ञानालाही मदत केली. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कच्या आकाशात सुमारे वीस मीटर व्यासाचा अशनी फुटला. अपघातात पुरावा असावा म्हणून तिथल्या अनेक चालकांनी गाडीत कॅमेरे लावलेले होते. त्या चित्रणांवरून शास्त्रज्ञांनी अशनीची मूळ कक्षा काढली.

पण मागच्या कॅमेऱ्याचे खरे काम वेगळे आहे. २००२ मध्ये अमेरिकेत दोन वर्षांचा एक मुलगा घरासमोरच, मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून दगावला. गाडी त्याचे वडीलच चालवत होते. त्यांनी आरसे पाहिले होते. मूल आरशांच्या टापूत नव्हतेच. त्या मुलाच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला. पुढच्या सरकारी अंदाजानुसार गाडी मागे घेताना अमेरिकेत वर्षाला सरासरी २१० माणसे मरत आणि १५,००० जखमी होत. मृतांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालची मुले. नियम लांबत लांबत मे २०१८ पासून पूर्ण लागू झाला. सुमारे साडेचार टनांपर्यंतच्या प्रत्येक नव्या गाडीत, पिकअपसह, मागचा दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब पट्टा चालकाला पडद्यावर दिसलाच पाहिजे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागचा अडथळा ओळखून सूचना देणारे संवेदक सक्तीचे झाले.

चाचांचे निदान

आता मित्राच्या गाडीकडे वळू. ब्रेकचे दोन दिवे प्रत्येकी २१ वॅटचे, म्हणजे बारा व्होल्टला साडेतीन अँपिअर. परतीच्या वाटेवरच्या गंजक्या बोल्टाचा रोध एक ओहम झाला असे धरू. दिव्यांचा स्वतःचा रोध सुमारे ३.४ ओहम. मंडलातला प्रवाह घटून पावणेतीन अँपिअर होईल आणि बोल्टाच्या सांध्यात पावणेतीन व्होल्ट पडतील. म्हणजे मागचा 'अर्थ' शून्यावर न राहता पावणेतीन व्होल्टवर चढेल. त्याच बोल्टावरून परतणाऱ्या कॅमेऱ्याला बाराऐवजी सव्वानऊच मिळतील.

एवढ्यावर भागत नाही. चित्र नेणारी तार समाक्ष असते: आत एक तार आणि भोवती धातूची जाळी. अशा तारेचे पेटंट ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० मध्येच घेतले होते. जाळी बाहेरच्या गोंधळापासून आतल्या संकेताचे रक्षण करते आणि त्याची परतीची वाटही होते. बोल्टाची वाट बिकट झाली की ब्रेकच्या दिव्यांचा प्रवाह या जाळीतूनच पुढे परतू पाहतो. चित्राचा संकेत जेमतेम एक व्होल्टचा. त्याच्या पाऊलवाटेवरून ट्रक नेल्यावर चित्र टिकणार कसे?

चाचांनी बोल्ट काढला, सांधा पॉलिश पेपरने चकचकीत घासला, परत कसून त्यावर ग्रीस चोपडले. मग कॅमेऱ्यासाठी पुढच्या फ्यूजपासून वेगळी जोडतार नेली. जायची आणि यायची, दोन्ही. दाराखालच्या पट्टीतून केबिनच्या मागच्या भिंतीपर्यंत. तिथल्या भोकात रबर बसवून बाहेर. सांगाड्याच्या आतल्या बाजूने, सायलेन्सरपासून दूर. केबिन आणि हौदा यांच्यामध्ये त्यांनी तारेला थोडी ढील ठेवली. "गाडी हलते, तार ताणता कामा नये," एवढेच म्हणाले. केबिनमध्ये शिरण्याआधी तारेला खाली एक झोळ दिला, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच ठिबकेल. तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या सहा मीटरांत होती.

वर्गात करून पाहण्यासाठी

तीन सेल, तीन सेलच्या विजेरीचे तारेचे तीन दिवे, एक कळ आणि पत्र्याची पट्टी घ्या. पहिला दिवा (ब्रेकचा) आणि दुसरा (मागचा पार्किंगचा) यांची अंगे पट्टीला जोडा. पट्टीपासून सेलच्या ऋण टोकाला एक तार न्या. ही आपली 'अर्थ'. पहिल्या दिव्याचे टोक कळीमार्फत धन टोकाला जोडा. तिसऱ्या (पुढच्या पार्किंगच्या) दिव्याचे अंग थेट ऋण टोकाला जोडा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिव्याची टोके एकमेकांना जोडा, आणखी कशालाही नको. पार्किंगचे दिवे बंद आहेत असे समजा.

कळ दाबा. फक्त पहिला दिवा लागेल. आता 'अर्थ'ची तार सोडवा आणि खोलीत थोडा काळोख करून पुन्हा कळ दाबा. तिन्ही दिवे मिणमिणतील. बंद असलेले दिवे का लागले, विजेने कोणती वाट धरली, हे विद्यार्थ्यांना कागदावर बोटाने गिरवू द्या. मग रस्त्यावर एखाद्या ट्रकचा ब्रेक दाबताच त्याचे भलतेच दिवे मिणमिणताना दिसले, तर ते स्वतःच म्हणतील, "याचा मागचा अर्थ गेलाय."

मित्राच्या गाडीत आता ब्रेक दाबल्यावरही चित्र राहते. बोळातली मुले त्यात दिसतात.